सेनापतीच्या नावाची सुट्टी: आधी हुकमावरची तारीख बघा

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहेत, कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय दिलाय 'वादग्रस्त सेनानींच्या नावानं सार्वजनिक सुट्टी असावी का'. त्यांना अमेरिकेतला जनरल ली आणि कर्नाटकातली टिपू जयंती एवढं माहितीय, दोन्ही बाजू वाचल्या की दोन्ही खऱ्या वाटतात, मग ठरवायचं कसं, असा प्रश्न. मी नोकरी महसूल खात्यात काढली, कारकून ते नायब तहसीलदार, धुळे-जळगाव-नंदुरबार तिन्हीकडं, जयंतीच्या मिरवणुका, शांतता समितीच्या बैठका, 'अमुक दिवशी सुट्टी जाहीर करा' अशी निवेदनं, हे सगळं टेबलावरून गेलंय. त्यामुळं प्राध्यापकासारखं नाही पण फाइल वाचणाऱ्या माणसासारखं सांगतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तो माणूस थोर होता का क्रूर होता या भांडणात उतरूच नका. स्पर्धेतली सगळी पोरं तिथंच अडकतात, आणि तिथं कुणी जिंकत नाही, कारण फौज घेऊन मुलखातून गेलेला माणूस बहुतेक वेळा दोन्ही असतो, कुणाचा तारणहार आणि कुणाच्या खळ्याला आग लावणारा. मी बघायचो ते वेगळं. सुट्टीचा हुकूम कधी निघाला, कुणी काढला, आणि त्यावेळी त्या मुलखात काय चाललं होतं. सेनापती केव्हाच मेलेला असतो हो, हुकूम मात्र कुणीतरी जिवंत माणूस आपल्या जिवंत कामासाठी काढतो.

ली चंच घ्या ना. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा हा सेनापती. 1865 च्या एप्रिलमध्ये त्यानं शरणागती पत्करली, 1870 ला वारला. व्हर्जिनिया राज्यात त्याच्या वाढदिवसाची सुट्टी सुरू झाली 1889 ला, म्हणजे युद्ध संपून चोवीस वर्षांनी. मग 1904 ला त्यात दुसरा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन जोडला. आता त्या दोन तारखांच्या मध्ये काय झालं ते बघा, 1902 ला व्हर्जिनियानं नवीन राज्यघटना केली आणि मतदानाला असल्या अटी घातल्या की काळ्या लोकांची नावं यादीतून जवळजवळ साफ झाली. म्हणजे सुट्टी वाढते आणि शेजाऱ्याचं मत जातं, दोन्ही एकाच काळात, एकाच विधिमंडळी हवेत. हे कळलं की ली सद्गृहस्थ होता का, घोड्यावर कसा बसायचा, याला काही अर्थ राहत नाही. आणि गंमत म्हणजे खुद्द ली 1869 ला गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारकाच्या खुणा लावायच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणाला होता, युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत अशा अर्थाचं त्यानं लिहून कळवलं. त्याच्या नावानं सुट्टी करणाऱ्यांनी ते पत्र वाचलं नसावं, किंवा वाचून बाजूला ठेवलं असावं, फाइलीतली नको ती कागदं खाली सरकवायची पद्धत सगळ्या देशात सारखीच.

पुढं आणखी विचित्र झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं देशभर सुट्टी आली तर व्हर्जिनियानं 1984 पासून तिघांची मिळून एकच सुट्टी केली, ली-जॅक्सन-किंग. ज्यांची फौज गुलामगिरी टिकवायच्या बाजूनं लढली ते दोघं आणि गुलामांच्या पणतवंडांना हक्क मिळवून देणारा तिसरा, एका पाटीवर! 2000 ला वेगळं केलं आणि 2020 ला ली-जॅक्सन काढूनच टाकली, त्याऐवजी मतदानाच्या दिवसाला सुट्टी दिली. अलाबामा आणि मिसिसिपीत मात्र ली आणि किंग अजून जानेवारीच्या एकाच सोमवारी आहेत.

पण थांबा, हुकमाची तारीख बघितली की दरवेळी वाईटच निघतं असं नाही, हे समोरची पार्टी म्हणेल त्याआधी तुम्हीच म्हणा. कोलंबस सेनापती नव्हता, इटलीत जन्मलेला दर्यावर्दी होता, पण वाद त्याच जातीचा आहे. 1891 ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावानं अकरा इटालियन माणसं ठार मारली, त्याच्या पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसननं कोलंबसच्या चारशेव्या वर्षाचा दिवस पाळायला सांगितला, आणि तिथल्या इटालियन लोकांनी तो दिवस छातीशी धरला कारण त्यांना 'आम्हीपण इथलेच' म्हणायला काहीतरी हवं होतं. आता तो दिवस काढा म्हटलं की मूळ रहिवाशांचं म्हणणं खरंच असतं आणि इटालियन म्हाताऱ्याचा राग पण खोटा नसतो. तारीख बघायची ती दोघांचं ऐकून घेण्यासाठी, एकाला झोडायला नाही.

आता आपल्या मुलखात या. खान्देशात बसून या विषयावर बोलायला अमेरिका लागतच नाही.

यशवंतराव होळकर. इंग्रजांशी टक्कर देणारा माणूस, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि राहील. पण 1802 ला होळकरांच्या फौजा खान्देशातून गेल्या तेव्हा इथल्या शेतकऱ्याचं काय झालं ते जुन्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या जिल्हा माहितीग्रंथात आहे, मुलूख उजाड झाला, आणि त्याच्या मागोमाग 1803-04 चा दुष्काळ आला, गावंच्या गावं ओस पडली. फौज शिंद्यांची असो, होळकरांची असो, पेंढाऱ्यांची असो, तापीकाठच्या कुणब्याला ज्वारीचं पेव रिकामं करणारा घोडेस्वार एकसारखाच दिसला असणार. मग यशवंतराव वाईट का? नाही. पण 'त्यांच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती' हे पण खरं नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत, आणि अडचण अशी की भाषणात ती म्हणता येतात, पुस्तकात म्हणता येतात, सुट्टीच्या यादीत म्हणता येत नाहीत. यादीत फक्त तारीख, वार आणि नाव असतं.

याच्या उलट उदाहरण शिरपूर तालुक्यातच आहे. थाळनेर, तापीच्या काठावरचा किल्ला. 1818 च्या जानेवारीत मंदसोरच्या तहात होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना लिहून दिला, फेब्रुवारीअखेर जनरल हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला, किल्ल्यातले अरब शिपाई आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांनी दार सोडलं नाही. दरवाज्यात गोंधळ झाला, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले, मग फौजेनं आतली सगळी शिबंदी कापून काढली, तीनशेच्या आसपास माणसं, आणि किल्लेदाराला फाशी दिली. हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. 1819 ला ब्रिटिश पार्लमेंटात या मोहिमेतल्या सैन्याचे आभार मानायचा ठराव आला, जिंकून आलेला सेनापती, महिदपूरची लढाई मारलेला, तरी थाळनेरच्या फाशीवर तिथं प्रश्न उठला आणि आभार मानताना तेवढी गोष्ट बाजूला ठेवली गेली. म्हणजे जिंकलेल्यांच्या सभागृहाला पण 'लढाईबद्दल आभार, फाशीबद्दल नाही' असं म्हणता आलं. ताई, तुमच्या भाषणात हे नक्की घाला, परीक्षक खान्देशातलेच असतील तर कान टवकारतील. ठरावात अशी सूट ठेवता येते, सुट्टीत नाही येत. दुपारी बारापर्यंत सुट्टी आणि थाळनेरपुरतं ऑफिस चालू, असं कुणी करत नाही.

आणखी एक, सातपुड्याकडचं. कॅप्टन जेम्स औट्राम 1825 ला खान्देशात आला, भिल्लांची पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. ज्यांच्यामागं इंग्रज फौजा दमल्या त्याच माणसांना त्यानं बरोबर शिकार करून, जेवूनखाऊन शिपाई केलं. पुढं 1857 च्या लखनौच्या लढाईमुळं त्याचं नाव झालं, कलकत्त्याला घोड्यावरचा पुतळा उभा राहिला, तो आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. इंग्रजांच्या पुस्तकात हा माणूस म्हणजे भिल्लांचा मित्र. आणि 1857-58 ला खाजा नाईक, भीमा नाईक हे सातपुड्यातले भिल्ल नायक इंग्रजांविरुद्ध उठले तेव्हा त्यांच्यामागं लागायला सरकारनं याच भिल्ल पलटणीचा उपयोग केला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीच्या डोंगरात लढाई झाली. खाजा नाईक स्वतः त्याआधी सेंधव्याच्या घाटात सरकारी पहाऱ्यावर असलेला माणूस, म्हणजे सरकारी कागदात आधी नोकर मग दरोडेखोर आणि आज क्रांतिवीर. पाड्यावर पाड्यावर पलटणीत गेलेल्यांचे पण वंशज आहेत आणि डोंगरात लढलेल्यांचे पण, कधी कधी एकाच घरात, एक आजोबा इकडचे एक तिकडचे. तिथं जाऊन शाळेत 'चांगले कोण वाईट कोण' असं विचारून दाखवा.

इथं मला जे कळलं ते असं की वाद सेनापतीच्या क्रूरपणाच्या मापावर पेटत नाही, मार खाल्लेल्यांचे वंशज त्याच सरकारच्या हद्दीत, त्याच तालुक्यात राहतात का यावर पेटतो. मंगोलियाला चंगीझखानाच्या जन्माच्या नावानं 2012 पासून सुट्टी आहे, तिथं भांडण नाही, कारण ज्यांची शहरं त्यानं जाळली ते लोक इराणात आणि मध्य आशियात राहिले, उलानबातारच्या ग्रामसभेत येऊन बसत नाहीत.

टिपूचं हेच झालं. 2015 ला कर्नाटक सरकारनं 10 नोव्हेंबरला सरकारी जयंती सुरू केली. लक्षात घ्या, ती सुट्टी नव्हती, सरकारी कार्यक्रम होता, बरेच जण भाषणात 'सुट्टी' म्हणतात आणि समोरच्याच्या हातात कोलीत देतात. म्हैसूरकडच्या माणसाला टिपू म्हणजे इंग्रजांशी लढता लढता 4 मे 1799 ला श्रीरंगपट्टणच्या तटाशी मेलेला राजा. कोडगूच्या माणसाला तो गावं उठवून नेणारा, मंगळूरच्या ख्रिस्ती घरांना 1784 च्या कैदेची आठवण. आणि कोडगू कर्नाटकातच आहे ना भाऊ, परदेशात नाही! पहिल्याच वर्षी कोडगूतल्या मडिकेरीला दंगा झाला, माणूस गेला. 2019 च्या जुलैत सरकार बदललं आणि नव्या सरकारनं आल्या आल्या जयंती रद्द केली. चालू करण्यामागं इतिहासाचं नवीन संशोधन नव्हतं आणि बंद करण्यामागं पण नव्हतं. हुकमावरची तारीख बघा म्हणतो ते याचसाठी.

टिपूवर तावातावानं बोलणाऱ्या आपल्या मराठी पोरांना मी एक विचारायचो. 1791 ला शृंगेरीचा मठ लुटला तो मराठ्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी, आणि मठाला परत उभं राहायला पैसा आणि पत्रं पाठवली ती टिपूनं. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या 1740 च्या दशकात बंगालवर गेल्या, तिकडं 'बर्गी' म्हणून आपल्या घोडेस्वारांची धास्ती अजून लोकांच्या बोलण्यात आहे. उद्या केंद्रानं त्या स्वाऱ्यांचे सेनापती भास्करपंतांच्या नावानं देशभर सुट्टी केली तर वर्धमानच्या शेतकऱ्याला काय वाटेल? हे विचारलं की बैठकीत जरा शांतता व्हायची. काही जण चिडायचे पण, चालतं.

आता सुट्टी म्हणजे नेमकं काय, हे थोडक्यात, कारण वादविवादात कुणालाच नीट माहीत नसतं. आपल्याकडं ज्याला सार्वजनिक सुट्टी म्हणतात ती 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या 25 व्या कलमाखाली जाहीर होते, मुळात ते कलम हुंडी-वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी पडली तर काय करायचं यासाठी आहे. बँका बंद, कचेऱ्या बंद. त्याशिवाय कलेक्टरला वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या द्यायचा अधिकार असतो, आणि सामान्य प्रशासन विभाग थोर व्यक्तींच्या जयंत्यांची वेगळी यादी दरवर्षी काढतो, त्या दिवशी ऑफिस चालू, फोटोला हार, पाच मिनिटं, मग काम. म्हणजे मान द्यायच्या पायऱ्या आहेत. लोक थेट वरच्या पायरीचं निवेदन घेऊन यायचे, कारण 'त्यांच्या' माणसाला ती मिळालीय. नव्वद निवेदनांत, सॉरी, आकडा नको, बहुतेक निवेदनांत खरी ओळ शेवटून दुसरी असायची, 'इतर समाजाच्या महापुरुषांप्रमाणे आमच्याही'. मागणी इतिहासाची नसते, बरोबरीची असते. ती समजून घ्या, तिला हसू नका.

आणि सुट्टी कुणाला मिळते हो? मला पगारी मिळायची. रावेर-सावद्याला केळीची गाडी भरणारा त्या दिवशी पण गाडीच भरतो, केळी जीआर वाचत नाही. वीटभट्टीवरच्याला तर कुठली सुट्टी आणि कुठलं काय. उलट कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशी सणाला, सरकारी सुट्टी असो नसो, निम्म्या ऑफिसच्या खुर्च्या रिकाम्याच असायच्या, साहेब विचारायचे कुठं गेले सगळे, आम्ही सांगायचो कानबाई बसलीय. लोकांच्या मनात असलं की हुकूम लागत नाही. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबरची पोरं गोळीला बळी पडली, त्या दिवसाची काही राज्यभर सुट्टी नाही, पण नंदुरबारच्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. कोरेगाव भीमाचं तेच, 1 जानेवारी राज्याच्या सुट्टीच्या यादीत नाही, तरी लाखो लोक जातात. तिथं तर आणखी एक बघण्यासारखं आहे, तो खांब कंपनी सरकारनं आपल्या फौजेच्या कौतुकासाठी उभारला, 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या दिवसाचा अर्थच फिरला. सरकारनं ठरवलेला अर्थ सरकारपाशी राहतो असं नाही.

उत्तर प्रदेशानं 2017 च्या एप्रिलमध्ये जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या पंधरा सुट्ट्या एका फटक्यात काढल्या, त्यात महाराणा प्रताप जयंती पण होती. कारण दिलं शाळेचे दिवस कमी पडतात. मला हे कारण पटतं, इतिहासात न शिरता सुटका होते, पण सगळ्यांच्या सरसकट काढल्या म्हणून चाललं, एकट्याची काढली असती तर रस्त्यावर निस्तरावं लागलं असतं.

मधला रस्ता विचाराल तर मला फिनलंडचा आवडतो. तिथला सेनापती मानरहाइम, 1918 च्या त्यांच्या यादवी युद्धात 'गोऱ्या' म्हणजे कम्युनिस्टविरोधी बाजूचा, 'तांबड्या' म्हणजे समाजवादी बाजूच्या घरात त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं. पुढं त्यानंच रशियाविरुद्ध सगळ्यांना घेऊन देश वाचवला. आधी त्यांच्या सैन्याचा झेंडा दिवस 16 मे ला असायचा, म्हणजे गोऱ्यांनी हेलसिंकीत विजयी संचलन केलं तो दिवस, अर्ध्या देशाच्या नाकावर टिच्चून. नंतर तो बदलून 4 जूनला नेला, मानरहाइमचा वाढदिवस. पण नाव सैन्याच्या झेंडा दिवसाचं, त्याचं नाही, आणि सुट्टी पण नाही, झेंडे लागतात, कार्यक्रम होतो, दुकानं उघडी. ज्याला मानरहाइम आठवायचा त्यानं आठवावा, ज्याला आपला भरती झालेला आजा आठवायचा त्यानं तो आठवावा.

शांतता समितीत मी हेच थोड्या गावठी पद्धतीनं करायचो. मंडळाचे अध्यक्ष, पोलीस पाटील, सरपंच, दोन्ही आळीतली म्हातारी माणसं बसवायची, आणि इतिहासावर बोलायला सुरुवात झाली की विषय मिरवणुकीच्या रस्त्यावर आणायचा. बॅनरवर काय लिहिणार, डीजे किती वाजेपर्यंत, कुठल्या चौकात थांबणार नाही. ज्यांचा त्या नावाला विरोध आहे त्यांना आधी बोलू द्यायचं, मंडळवाल्यांना नंतर. बहुतेक वेळा विरोध माणसाला नसतोच, त्यांच्या दारासमोर त्या नावाची घोषणा मुद्दाम जोरात होण्याला असतो.

असलेल्या सुट्ट्या काढायच्या का, हा प्रश्न समोरून येणारच. माझं मत, द्यायला जेवढा विचार लागतो त्याच्या दुप्पट काढायला लागतो, कारण दिलेलं काढलं की ज्यांना त्या माणसाशी काही देणंघेणं नव्हतं ते पण पेटून उठतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नेथन फॉरेस्ट या लीच्याच बाजूच्या सेनापतीच्या नावाचा 13 जुलैचा दिवस होता, फोर्ट पिलोला शरण आलेले काळे सैनिक मारले गेले ती फौज याची, आणि हाच पुढं काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन संघटनेचा पहिला म्होरक्या. कायद्यानं तिथल्या गव्हर्नरला दरवर्षी त्या दिवसाच्या घोषणेवर सही करावीच लागायची. 2020 ला त्यांनी कायदा बदलून फक्त सहीची सक्ती काढली. भित्रेपणा म्हणा, पण एका माणसाला दरवर्षी मनाविरुद्ध सही करावी लागत होती ते थांबलं, आणि सही करणाऱ्याच्या जागी मी बसलेलो असल्यामुळं मला ते लहान वाटत नाही. तरी फॉरेस्टसारख्याच्या बाबतीत मी असतो तर पूर्ण काढा असंच टिपण ठेवलं असतं.

तर ताई, बाजूनं बोला का विरोधात, कुठल्याही सेनापतीचं नाव आलं की चार कागद जमवा: दिवस पहिल्यांदा कधी जाहीर झाला, कुठल्या सरकारनं, त्या दोन-तीन वर्षांत निवडणूक, दंगा, नवा कायदा काय होता, आणि त्याच्या फौजेनं जिथं मार दिला ते गाव आज कुठल्या जिल्ह्यात येतं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं बघायला मिळतात, खान्देशचं 1880 चं गॅझेटियर आता नेटवर पण आहे, थाळनेर आणि 1802 चं वर्णन त्यात सापडेल. परशुरामभाऊंचा मुद्दा बोलणार असाल तर शृंगेरीचा संदर्भ आधी वाचून ठेवा, त्यावर प्रतिप्रश्न हमखास येतो.